गुराब आणि 'ग्रॅब' : एका फसव्या इंग्रजी शब्दाची कुळकथा

१/ मराठ्यांच्या आरमाराविषयीचे अठराव्या शतकातील इंग्रजी कागद चाळताना एक शब्द वारंवार समोर येतो : 'ग्रॅब'. आंग्र्यांचे अमुक ग्रॅब बंदरात उभे होते, तमुक ग्रॅबांनी पाठलाग केला, इतके ग्रॅब जाळले गेले. आज इंग्रजी जाणणाऱ्या कोणालाही 'ग्रॅब' म्हणजे हिसकावणे, झडप घालून बळकावणे हेच ठाऊक असते. त्यामुळे मनात आपोआप एक समीकरण तयार होते : आंग्रे लूट करीत, म्हणून इंग्रजांनी त्यांच्या जहाजांना हे नाव दिले. हे समीकरण साफ चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे आणि त्या चुकीची किंमत कोणती, याविषयी हा धागा.

२/ आरंभीच एक कबुली. एम. ए.च्या पहिल्या वर्षी एका इंग्रजी उताऱ्याचे मराठी भाषांतर करताना मी या शब्दासाठी 'झडपनौका' असा शब्द घडवला होता आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता. तपासून आलेल्या कागदावर त्या शब्दाखाली रेघ होती आणि समासात एकच शब्द लिहिलेला होता : 'गुराब'. जो शब्द माझ्याच भाषेत शतकांपासून नांदत होता, त्याला मी इंग्रजी समजून परत मराठीत आणू पाहत होतो.

३/ तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट करू. जहाजाच्या अर्थाचा 'ग्रॅब' हा मुळात इंग्रजी शब्दच नव्हे. तो आपल्या 'गुराब' या शब्दाचा इंग्रजी कानांनी ऐकलेला आणि इंग्रजी लेखणीने उतरवलेला अवतार आहे. 'गुराब' उच्चारताना पहिला उकार ऱ्हस्व राहतो आणि भार 'रा'वर पडतो. आघात नसलेला असा स्वर इंग्रजी बोलण्यात सहज गिळला जातो. उकार गेला की उरते 'ग्राब', आणि त्याचे लेखन झाले तेच, जे 'हिसकावणे' या क्रियापदाचे आहे.

४/ दोन शब्दांचे लेखन सारखे, पण कुळे निराळी. 'हिसकावणे' या अर्थाचे क्रियापद इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसते. त्याचे सख्खे नातेवाईक डच आणि उत्तर जर्मन बोलींत आहेत. अनेक भाषाभ्यासक त्याचे दूरचे नाते संस्कृत 'ग्रभ्' म्हणजे पकडणे या धातूशी जोडतात. जहाजाचा 'ग्रॅब' इंग्रजीत आला तो सतराव्या शतकात, हिंदी महासागरातील व्यापाराच्या वाटेने. गंमत पाहा : ज्या शब्दाला आपण परका मानतो, त्याचे गोत्र कदाचित संस्कृतशी जुळते, आणि जो आपला म्हणून सांगायचा, तो 'गुराब' मूळचा अरबी आहे.

५/ अरबीत 'घुराब' म्हणजे कावळा, डोमकावळा. वल्ह्यांनी चालणाऱ्या लांबट लढाऊ जहाजाला हे नाव भूमध्य समुद्रात फार पूर्वीपासून होते. ११८१ मध्ये इटलीतील पिसा शहराच्या धर्मप्रमुखांनी उत्तर आफ्रिकेच्या मुवाह्हिद खलिफाला पाठवलेल्या अरबी पत्रात 'घुराब' येतो. पिशाच्या व्यापाऱ्यांचे जहाज वादळाने किनाऱ्याला लागले असता त्रिपोलीहून आलेल्या एका 'घुराबा'ने ते लुटले, अशी ती तक्रार आहे. म्हणजे शिवछत्रपतींच्या आरमाराआधी सुमारे पाचशे वर्षे हा शब्द समुद्रावर वावरत होता.

६/ जहाजाला कावळ्याचे नाव का? सतराव्या शतकातील ऑक्सफर्डचे प्राच्यविद्यापंडित थॉमस हाइड यांनी दिलेले स्पष्टीकरण असे : डांबर फासल्यामुळे ही जहाजे काळीभोर दिसत, त्यांचे पुढचे टोक चोचीसारखे बाहेर आलेले असे, आणि दोन्ही बाजूंची वल्ही व शिडे पंखांसारखी हलत. कोकणच्या किनाऱ्यावर डांबर लावलेली होडी पाण्यात उतरताना ज्याने पाहिली आहे, त्याला ही उपमा निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

७/ हा शब्द आपल्या किनाऱ्यावर आला तो अरबी समुद्रावरील जुन्या दळणवळणातून. चौदाव्या शतकात इब्न बतूता गुजरातेतील गंधार बंदरातून दक्षिणेकडे निघाला, तेव्हा सोबत असलेल्या एका जहाजाचे वर्णन करताना तो म्हणतो की ते घुराबासारखेच, पण अधिक ऐसपैस होते. त्याला ६० वल्ही होती आणि लढाईच्या वेळी वल्हेकऱ्यांचे बाण व दगड यांपासून रक्षण व्हावे म्हणून वर छत घालीत. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. युरोपीय जहाजे येण्यापूर्वीच पश्चिम किनाऱ्याच्या वर्णनात हे नाव येऊन गेले होते.

८/ मराठी साधनांत तर तो अगदी घरचा शब्द आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीच्या मुक्कामी बखर लिहिली. तीत शिवाजी महाराजांच्या आरमारातील जहाजांचे प्रकार सांगताना गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे, पगार अशी नावे येतात. बखरकाराला 'गुराब' म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज वाटत नाही. ज्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही, तो भाषेत मुरलेला असतो.

९/ रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि आरमाराला तेथे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. गुराबांविषयीची त्यांतील सूचना विशेष लक्षणीय आहे : गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम आकाराच्या असाव्यात. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही, अशी अवजड जहाजे बांधू नयेत. हा केवळ काटकसरीचा विचार नव्हे. आपला किनारा, आपल्या खाड्या आणि आपला शत्रू ओळखून केलेली ती निवड आहे.

१०/ ती निवड प्रत्यक्षात कशी दिसे, हे आपल्याला शत्रुपक्षाच्याच लेखणीतून कळते. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आंग्र्यांच्या गुराबांचे तपशीलवार वर्णन आहे. बहुतेकांना दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, पाण्यात बुडणारा भाग अगदी थोडा, आणि पुढे निमुळते होत गेलेले चोचीसारखे टोक. हाइडने सांगितलेला कावळा तो हाच.

११/ या चोचीवर आडोशाच्या भिंती नसत. समोरून लाटा येत असता गुराब फार हेलकावे खाई. उघड्या टोकावर आदळलेले पाणी अडून न राहता वाहून जावे, म्हणून तो भाग मोकळा ठेवीत. त्यामागच्या आडभिंतीत झरोके पाडून ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा पुढे तोंड करून बसवलेल्या असत आणि त्या चोचीवरून मारा करीत. बाजूच्या तोफा त्याहून लहान, ६ ते ९ पौंडी.

१२/ गुराबेची जोडीदार म्हणजे गलबत, इंग्रजी कागदांतील 'गॅलिव्हॅट'. ऑर्मच्या मते मोठ्यात मोठे गलबतही क्वचितच ७० टनांपलीकडे जाई. ४० ते ५० दणकट वल्ही, ताशी चार मैलांचा वेग. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढून नेत. आठदहा गुराबा आणि चाळीसपन्नास गलबते मिळून आंग्र्यांचा मोठा ताफा होई. तो शत्रूच्या जहाजाला पाठीमागून गाठी, कारण युरोपीय जहाजांच्या तोफा मुख्यतः बाजूंना असत. गुराबा आधी दुरून डोलकाठ्या तोडत. जहाज पांगळे झाले की जवळ येऊन चहूबाजूंनी मारा करीत. तरीही ते शरण आले नाही, तर गलबतांतून माणसे तलवारी घेऊन वर चढत.

१३/ हे वर्णन वाचल्यावर कोणी म्हणेल, "मग हे हिसकावणेच नव्हे का? शब्दाचे मूळ काही असो, इंग्रजांच्या मनात तोच अर्थ असणार." हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे. पुरावा असा : कंपनीच्या स्वतःच्या ताफ्यातही 'ग्रॅब' होते. ॲडमिरल वॉटसनच्या जहाजावरील शल्यचिकित्सक एडवर्ड आइव्ह्ज १७५४ च्या सुमारास मुंबईत कंपनीची कोणती जहाजे होती ते सांगतो. त्यांत ४० तोफांचे एक आणि २० तोफांचे एक जहाज आहे. शिवाय १८ तोफांचा एक 'ग्रॅब' आहे. स्वतःच्या लढाऊ जहाजाला कोणी 'लुटारू' म्हणून वहीत नोंदवत नाही.

१४/ दुसरा पुरावा अधिक बोलका आहे. ज्याला आंग्र्यांना चाचे म्हणायचे होते, तो ते सरळ म्हणत असे. क्लेमंट डाउनिंग हा कंपनीच्या मोहिमांत प्रत्यक्ष असलेला दर्यावर्दी. १७३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच आंग्र्यांना 'चाचा' म्हटले आहे. पुढे १९०७ मध्ये जॉन बिडल्फने लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही मलबारचे चाचे आहेतच. शिवी द्यायला त्यांना आडपडद्याची गरज नव्हती. 'ग्रॅब' हा त्यांच्या दृष्टीने केवळ एक तांत्रिक शब्द होता.

१५/ तिसरा पुरावा खुद्द इंग्रज कोशकारांचा. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये निघाला. त्यात या शब्दाच्या नोंदीत त्यांनी नेमक्या याच व्युत्पत्तीची थट्टा केली आहे : चाचे समुद्रात दिसेल ते हिसकावत, म्हणून हे नाव, असे कोणी मनानेच ठरवील, पण खरी गोष्ट निराळी, असा त्या नोंदीचा आशय. पुढे ते अरबी मूळ देतात आणि मराठी-कोकणी 'गुराब' नोंदवतात. जी चूक सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी निकालात निघाली, ती आज आपण मराठीतून नव्याने करीत आहोत.

१६/ आता या धाग्यातील माझे मुख्य म्हणणे. शब्दाचा हा गैरसमज दूर झाला म्हणून 'आंग्रे चाचे होते की नाही' हा प्रश्न सुटत नाही, आणि गैरसमज कायम राहिला असता तरी तो सुटला नसता. व्युत्पत्ती न्यायनिवाडा करीत नाही. ११८१ च्या पत्रातील घुराबाने लूटच केली होती. म्हणून काही प्रत्येक गुराब लुटारू ठरत नाही. हा प्रश्न वेगळ्याच जागी सोडवावा लागतो : समुद्रावर कर आणि परवाना मागण्याचा अधिकार कोणाचा?

१७/ सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात 'कार्ताज' नावाचा परवाना सक्तीचा केला. तो नसलेले जहाज ते जप्त करीत. पुढे मुंबईकर इंग्रजही देशी जहाजांना आपले परवाने देऊ लागले. कान्होजी आंग्रे दस्तक मागत, ते याच चालू व्यवस्थेत. आज्ञापत्रही आरमाराला बजावते की कौल घेतलेल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांना त्रास होऊ नये. परवाना देणारा, परवानाधारकाचे रक्षण करणारा आणि परवाना नसल्यास जप्ती करणारा पक्ष पोर्तुगीज असेल तर ती राजसत्ता, आणि मराठा असेल तर ती चाचेगिरी, हा भेद कोणत्या न्यायाने करायचा?

१८/ कान्होजी स्वतंत्र दांडगेश्वर नव्हते. ते मराठा राज्याचे सरखेल होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने त्यांनी शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले. त्याच वर्षी मुंबईकर इंग्रजांनीही त्यांच्याशी तह केला. पुढे भांडण पेटले ते बरेचसे एका कायदेशीर मुद्द्यावर : कंपनीच्या निशाणाखाली खासगी व्यापाऱ्यांचा माल जात असेल, तर त्याला सूट कशी? १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांसह कुलाबा अशा मोहिमा इंग्रजांनी केल्या आणि त्या सर्व फसल्या. 'चाचा' हा शब्द या अपयशांच्या काळात मोठ्याने उच्चारला गेला, हे विसरू नये.

१९/ मात्र उलट टोकही गाठू नये. आंग्र्यांनी जहाजे पकडली, माल जप्त केला, खंडणी घेऊन कैदी सोडले, हे खरे आहे. कान्होजींनंतरच्या पिढीत घरातच फूट पडली आणि तुळाजी आंग्रे पेशव्यांनाही जुमानीनासे झाले, हेही खरे. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, तेव्हा पेशव्यांचे सैन्य जमिनीच्या बाजूने त्याच मोहिमेत होते. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या 'रेस्टोरेशन' या जहाजाने पेट घेतला आणि ती आग बंदरात एकमेकांस बांधून ठेवलेल्या गुराबा-गलबतांत पसरली. एका दिवसात ताफा भस्मसात झाला. त्या आगीचे उत्तरदायित्व केवळ इंग्रजांवर ढकलून आपली सुटका होत नाही.

२०/ ताफा गेला आणि हळूहळू शब्दही गेला. हॉब्सन-जॉब्सनच्या काळापर्यंत इंग्रजीत तो जवळजवळ लुप्त झाला होता. मराठीतही 'गलबत' टिकले, कवितेत आणि बोलण्यात रुळले. 'गुराब' मात्र बखरींत आणि कोशांत उरली. आता आपण आरमाराचा इतिहास पुष्कळदा इंग्रजी पुस्तकांतून वाचतो आणि तेथून मराठीत आणतो. त्या प्रवासात 'गुराब'चे 'ग्रॅब' झालेले रूप तसेच उचलले जाते, किंवा त्याचे माझ्यासारखे 'झडपनौका' केले जाते. शब्द घरी परततो, पण घरचे त्याला ओळखत नाहीत.

२१/ आणखी एक सावधगिरी, विशेषतः आपल्यासारख्या इतिहासवेड्यांसाठी. 'ग्रॅब' हा मूळचा 'गुराब' हे कळल्यावर प्रत्येक इंग्रजी नौकाशब्दात मराठी मूळ शोधण्याचा मोह होतो. 'जॉली-बोट' हा शब्द 'गलबत'वरून आला, असे हॉब्सन-जॉब्सनकारांनीच सुचवले होते, आणि ते ऐकायला गोडही वाटते. पण त्याच्याशी मिळताजुळता 'जॉलीवॉट' हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी हिशेबांत आढळतो, म्हणजे इंग्रज आपल्या किनाऱ्यावर येण्याच्या शंभरेक वर्षे आधी. शिवाय खुद्द 'गलबत'चे नाते बहुधा पोर्तुगीज 'गालिओता'शी आहे. जी कसोटी दुसऱ्याच्या चुकीला लावायची, तीच आपल्या आवडीच्या गोष्टीलाही लावली पाहिजे.

२२/ इंग्रजी कागदांत असे फसवे शब्द आणखी पुष्कळ आहेत. सुरतेची किंवा राजापूरची 'फॅक्टरी' म्हणजे कारखाना नव्हे, वखार. तेथे काही तयार होत नसे, मालाची खरेदी आणि साठवण होई. कंपनीचा 'रायटर' म्हणजे लेखक नव्हे, कारकून. 'अँग्रिया' हे एका माणसाचे नाव समजून वाचले, तर कान्होजी, सेखोजी, संभाजी, तुळाजी सारे एकाच व्यक्तीत मिसळून जातात. म्हणून माझा आग्रह साधा आहे : ओळखीचा वाटणारा शब्द आला की तेथे थांबावे. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतोच. फसवतो तो ओळखीचा.

२३/ आणि भाषांतर करणाऱ्यांना एक विनंती. आंग्र्यांविषयी मराठीत लिहिताना 'ग्रॅब' लिहू नका, नवा शब्दही घडवू नका. 'गुराब' लिहा, स्त्रीलिंगी, अनेकवचन 'गुराबा'. वाचकाला तो शब्द ठाऊक नसेल, तर एक वाक्य खर्च करून सांगा : चोचीसारख्या टोकाचे, उथळ पाण्यात चालणारे, दोनतीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज. एवढ्याने वाचकाच्या डोळ्यांपुढे लुटीचे चित्र न येता जहाजाचे चित्र येईल. त्यानंतर आंग्र्यांविषयी त्याने कोणतेही मत बनवावे. ते निदान एका अपघाती लेखनसाम्यावर उभे नसेल.

२४/ धागा येथे संपतो. आपल्या वाचनात जुन्या इंग्रजी कागदांतील असा एखादा फसवा शब्द आला असेल, तर तो कोणत्या कागदात आणि कोणत्या संदर्भात आला, एवढ्या तपशिलासह जरूर कळवा. आणि वर कोठे माझी चूक झाली असेल, तर तीही निःसंकोच दाखवा. समासात लिहिलेल्या एका शब्दाचे ऋण माझ्यावर आहेच. आणखी एकाचे झाले तर आनंदच होईल.